अडखळणारा क्लास

हैदराबादच्या गौलीगुड्यात माझ्याइतकी संशयी बाई दुसरी नाही, असं आमच्या बिल्डिंगचं म्हणणं आहे. असू दे. शाळेत जन्म गेलाय माझा. कॉपी करणारं पोर मी पाठीवरूनही ओळखते.

निवृत्तीनंतर मी एका छोट्या साइटवर मुलांना मराठी वाचायला शिकवते. इथली आपली पोरं घरात मराठी बोलतात, पण पुस्तक पुढे केलं की तोंडाला कुलूप. क्लास छान चालला होता, आणि अचानक अडकायला लागला. मी 'वाच' म्हटलेलं पोचेपर्यंत मुलं जांभया द्यायची. एकेक करून सगळी गळाली. खालच्या मजल्यावरची श्रुती तेवढी उरली. ती गेली की माझा क्लास बंद.

मला वरच्या कौस्तुभचा संशय आला. पुण्याचा, आयटीतला, दिवसभर घरात. माझं नेट हाच ओढत असणार! बिल्डिंगच्या ग्रुपवर मी त्याला सरळ चोर म्हटलं.

बिचारा लॅपटॉप घेऊन खाली आला. त्याने माझा एक जुना धडा साध्या नेटवर लावला. अडकला. मग ऑफिसच्या झाकलेल्या मार्गाने लावला. त्यातून कुठली साइट चाललीय ते नेट पुरवणाऱ्या वायरवाल्यांना दिसत नाही म्हणे. वायर तीच, आणि माझा आवाज खणखणीत!

"काकू, वायरवाले तुमची साइट ओळखून हळू करतायत असं दिसतंय. खरं तर याला बंदी आहे."

मी त्या वायरवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलला, "हमारे ॲप पे क्लास लेओ ना मॅडम, मक्खन चलता. बाहर का थोडा रुकताइच."

पाकिटावरचं नाव बघून पोस्टमनने ठरवायचं का, कुणाचं पत्र आधी द्यायचं? माझं डोकंच फिरलं. तणतणत खाली गेले आणि श्रुतीच्या आईला, अमृताला, सगळं सांगितलं.

"काकू, आधी दूधवाला पाणी घालत होता. परवा कौस्तुभ चोर होता. आज कंपनी?"

"कौस्तुभलाच विचार!"

"तो तुमच्या भीतीने काहीही म्हणेल." मग तिने माझा हात हातात घेतला. "वय झालं की अडखळायला होतंच, काकू. त्यात लाजायचं काय?"

मी हात सोडवून घेतला. आतल्या खोलीत श्रुती मोबाइलवर मराठीचा धडा गिरवत होती, कंपनीच्या ॲपवर. एकदाही अडकला नाही.