एका चेहऱ्याच्या दोघी

सोमवारी माझी आनंदीमावशी आणि सुतार गल्लीतल्या शेवंताकाकू यांचा चेहरा एकच झाला. कारण साधं होतं. दोघींच्या गोळ्यांची नावं जवळजवळ सारखी, आणि माझ्या मेडिकलमध्ये खोकी अक्षरवार लावलेली, म्हणजे ती दोन खोकी शेजारी. शेजार वाढला की घसट वाढतेच. ती रोज थोडी जवळ सरकायची आणि तेवढंच दुकानही आखूड व्हायचं. परवापर्यंत मला आत हात पसरता येत होते. आता कोपरं भिंतींना लागत होती.

मी एका खोक्यावर लाल ठिपका लावला. जेवून आले, तर ठिपक्यानं शेजारच्या खोक्यावर पिल्लू घातलं होतं.

तेवढ्यात दोघी आल्या. तेच नाक, हनुवटीवर तोच तीळ, अंगावर तीच हिरवी साडी.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"आनंदी," दोघी म्हणाल्या.

"माझी मावशी कोण?"

"मीच की गं," दोघी म्हणाल्या. "वळखलं न्हाईस व्हय?"

मला रडू फुटलं. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. तिची नाडी मुळात मंद चालते. काकूंच्या गोळीनं नाडी आणखी मंदावते; ती मावशीच्या पोटात गेली असती, तर तिची नाडी बंदच पडली असती.

भिंत खांद्याला टेकली. मी कपाटाकडे हात नेला. दोन्ही खोक्यांचं मिळून एकच होत आलं होतं, मध्ये केसाएवढी फट उरली होती.

"लवकर दे बाई, एष्टी चुकंल," उजवीकडची म्हणाली.

एष्टीला मी कधी भीक घातलेली नाही.

"ही गोळी कशासाठी घेता?" मी विचारलं.

असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"पाय सुजत्यात," डावीकडची म्हणाली. "सांजच्याला चप्पल चढत न्हाई पायात." बोलता बोलता तिचं नाक बसकं झालं. माझ्या मावशीचं नाक बसकंच आहे. कपाटातली फट बोटभर रुंदावली.

"आणि तुम्ही?"

"माझ्या छातीत धडधडतंय. लेकीचा फोन आला की लईच." तिच्या गालावर काकूंची खळी पडली. भिंत हातभर मागे गेली आणि मला मोकळा श्वास घेता आला.

मावशीच्या हातात तिची गोळी ठेवली आणि "सुजेची" असं तिच्याकडून वदवून घेतलं. काकूंनाही त्यांची दिली. मग काकूंचं खोकं उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला निघाले. पोचायला बराच वेळ लागला, कारण दुकान लांबतच होतं.

परत आले तेव्हा मावशी वाट बघत उभी होती.

"माझ्यापायी रडलीस व्हय? येडी कुठली," ती म्हणाली. तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मला फार बरं वाटलं.

दाराबाहेर स्टँडपर्यंत रांग लागली होती. गावातल्या बाकीच्या दुकानांतही खोकी अक्षरवारच लावतात. रांगेत सगळ्यांचा चेहरा एकच होता, सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. मी पहिल्याला आत घेतलं.

"गोळी कशासाठी घेता?"

त्या कोऱ्या चेहऱ्यावर हळूहळू मिशी फुटायला लागली.