एकच आहे म्हणून सांग

सकाळी नऊ वाजता बाइंडरने दुकान उघडले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका कोपऱ्यात लोखंडी प्रेस, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि टेबलावर नुकतीच शिजवलेली, अजून वाफ निघणारी खळ. शाळेच्या ग्रंथालयातून चाळीस फाटकी पुस्तके आली होती आणि ती आठवडाभरात परत द्यायची होती. आतल्या दाराशी, उजेड येतो तिथे, बाइंडरची बायको फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायला बसली होती. तिच्या हाताला एक सफाई होती. ती शिवलेले पुस्तक पोरांनी कितीही ओढले, तरी त्याचे पान सुटत नसे.

तिला आठवा महिना लागत होता. पाय सुजले होते म्हणून तिने नवऱ्याच्या सपाता घातल्या होत्या. सुई ओवताना दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले, कारण सुईच्या भोकाशेजारी काजवे चमकल्यासारखे होत होते.

सासूबाई आतून दुधाचा पेला घेऊन आल्या. त्यांनी तो तिच्या हातात दिला आणि पाठीमागे उशी सरकवली. त्या दुष्ट नव्हत्या, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे. कथेतली सासू म्हटली की आपण तिला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतो आणि मोकळे होतो. या सासूबाई रोज रात्री सुनेच्या पायांना स्वतः तेल लावत. आणि याच सासूबाईंनी या घरात एक नियम घातला होता.

अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. सुनेच्या पोटात जुळे होते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात तपासणीला गेले, तेव्हा पडद्यावर एकाच बाळाचे ठोके दिसले. दुसरे हलत नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की यात कुणाचीही चूक नाही, एक बाळ गेले असले तरी दुसरे ठणठणीत आहे, गेलेले बाळ आतच राहील आणि प्रसूतीच्या वेळी बाहेर येईल. पुढे काय काय सांभाळायचे तेही त्यांनी सांगितले, आणि तीन पानांवर लिहूनही दिले. पण पहिल्या वाक्यानंतर सुनेच्या कानात काही शिरलेच नव्हते. तिथल्या एका नर्सने तिचा हात धरून पोटावर ठेवला होता आणि बाळाची हालचाल रोज मोजायला सांगितले होते. तिच्या लक्षात राहिले ते एवढेच.

घरी आल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतले आणि मुलाला व सुनेला समोर बसवले.

“या घरात एकच बाळ होतं. पहिल्यापासून एकच,” त्या म्हणाल्या. “कुणी विचारलं तर एकच आहे म्हणून सांग. गेलेल्याचं नाव काढलं की राहिलेल्याच्या जिवाला घोर लागतो.”

हे त्यांनी मनचे काढलेले नव्हते. त्यांचेही एक मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेले होते. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे धुणे टाकले होते. त्या मुलाबद्दल त्या चाळीस वर्षांत कुणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत. नंतर मुलगा झाला, तो जगला. तेव्हा गप्प राहण्यानेच तो जगला, असे त्यांच्या मनाने घेतले. शिवाय लोकांची भीती होतीच. हिच्या पोटात मूल मेले, असे एकदा चार जणींच्या तोंडी झाले की ते जन्मभर चिकटते, हे त्यांनी पाहिले होते.

म्हणून जुळ्यांची बातमी ज्यांना सांगितली होती, त्यांना आता मशीनची चूक झाल्याचे सांगण्यात आले. विणायला घेतलेल्या दोन टोप्यांपैकी एक उसवली गेली. मोठ्या रुग्णालयात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही असे ठरले. त्याऐवजी गल्लीच्या टोकाला असलेल्या लहान प्रसूतिगृहात नाव घातले. तिथे सासूबाई बरोबर जात आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच देत. पहिलंच आहे. एकच आहे. आधीचं सगळं व्यवस्थित आहे, पोटाचा फोटो काढून झालाय, पुन्हा नको. सून खुर्चीवर बसून टेबलाच्या कडेकडे बघत राही.

राहिली ती तीन पाने. जाळून टाक, असे आईने मुलाला सांगितले होते. कागद जाळायला बाइंडरचा हात धजेना. आईचा शब्द मोडायलाही मन होईना. मग त्याने त्याच्या परीने मार्ग काढला. गिऱ्हाइकांना कापडाचे नमुने दाखवायची एक मोठी वही दुकानात होती. तिचा पुठ्ठा नव्याने करायचा होता. जाडी यावी म्हणून पुठ्ठ्याला आतून जुने कागद चिकटवतात, तशी त्याने ती तीन पाने खळ लावून चिकटवली, वरून अस्तर ओढले आणि वही रात्रभर प्रेसमध्ये ठेवली. बायकोला एवढेच म्हणाला की कागद जाळलेले नाहीत, सुरक्षित आहेत. आपण दोघींचेही मन राखले असे त्याला वाटले. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके बांधणाऱ्या या माणसाने चिकटवण्याआधी ती पाने वाचली नव्हती.

तर त्या सकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. त्या थट्टेखोर. बाप बाइंडर आहे, तेव्हा पोरगं कोऱ्या वहीसारखं गुळगुळीत निघणार, आईने मात्र किरमिजी कापड निवडून ठेवावं, असे काहीतरी बोलल्या. सून हसली नाही. काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तोंड सुजलंय हिचं, त्या म्हणाल्या, आणि सहज पुढे म्हणून गेल्या की आधी तर दोन म्हणत होतात ना, मग पोट पाहून मला अजून तसंच वाटतं. सासूबाईंनी विषय कापला. मशीनची चूक होती, किती वेळा सांगू तुला.

सून शिवत राहिली. एक फर्मा शिवून होईपर्यंत बाळ दोनदा तरी हलायचे, हा तिचा रोजचा हिशोब होता. आज तीन फर्मे झाले आणि पोट गप्प होते. तिने सासूबाईंना सांगितले. त्यांनी तिला डाव्या कुशीवर निजवले, गोड पाणी पाजले, आणि थांबून बघू म्हटले. तासाभराने एक हलकीशी हालचाल झाली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. पण सुनेचे डोके आता घण घातल्यासारखे दुखत होते, आणि उठून बसली तेव्हा तिला समोरच्या प्रेसचे अर्धेच चाक दिसत होते.

दुपारी मायलेक तिला प्रसूतिगृहात घेऊन गेले. नेहमीच्या डॉक्टर बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. तिने बाळाचे ठोके ऐकले. ठोके होते, पण मंद. मग ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि विचारू लागली. पहिली खेप का? याआधी काही त्रास? कधी रक्तदाबाचे कुणी सांगितले होते? एकच बाळ ना?

“पहिलंच. एकच आहे. सगळं व्यवस्थित होतं,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण लिहू लागली.

सुनेने तिच्या पेनाकडे पाहिले. ओळीवर शब्द उमटत होता. तो एकदा उमटला की ही बाई त्याच शब्दावर विसंबून पुढचे सगळे करणार, हे तिला एकाएकी स्वच्छ कळले. सासूबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता. तिने तो उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

“आई, आता मी बोलते,” ती म्हणाली. “डॉक्टर, ते खोडा. दोन होती. एक पाचव्या महिन्यात गेलं. ते अजून माझ्या पोटातच आहे.”

बाइंडर भिंतीकडे बघू लागला. सासूबाईंनी काही म्हणायला तोंड उघडले, तशी सून पुन्हा म्हणाली, “तुम्ही रागवा, घरी गेल्यावर हवं ते बोला. पण हे राहिलेलं मला हवंय.”

डॉक्टरीण रागावली नाही. रागवायला वेळच नव्हता. तिने नर्सला इंजेक्शन भरायला सांगितले, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि जुने कागद मागितले. दोन्ही बाळांची वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, एकच होती की वेगळी, तेव्हाच्या रक्ततपासणीत काय आले होते, हे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना आत्ताच कळायला हवे होते. बाइंडर दुकानाकडे धावत सुटला.

तो परतला तेव्हा रुग्णवाहिका दारात उभी होती. त्याच्या बगलेत ती नमुन्यांची वही होती. पुठ्ठा सुरीने उभा चिरलेला, अस्तर लोंबत होते. वाळलेल्या खळीने कागद सुरकुतले होते, पण अक्षरे शाबूत होती. डॉक्टरिणीने वही उघडी धरली आणि वाचली. वार वेगवेगळी होती, हे पहिल्या पानावर होते. राहिलेल्या बाळासाठी ती चांगली गोष्ट होती. तिसऱ्या पानावर पुढच्या काळजीबद्दल लिहिले होते. दर आठवड्याला रक्तदाब. दर पंधरवड्याला रक्ततपासणी. डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, अंगावर सूज, यातले काहीही दिसले तर ताबडतोब यावे. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

“हे तुम्ही वाचलं होतं?” तिने विचारले.

बाइंडरने मान हलवली. नाही.

त्याच संध्याकाळी मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली. वजन सव्वा किलोच्या आसपास. रडली ती मांजराच्या पिलासारखी. तिला लगेच काचेच्या पेटीत नेले. दुसरे बाळही बाहेर आले. तळहातावर मावेल एवढे, पापुद्र्यासारखे. पाहायचे आहे का, असे नर्सने विचारले. ज्याच्या असण्यालाच अडीच महिने नकार दिला होता, त्याला बाइंडरने पाहिले, आणि तो बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर बायकोनेही पाहिले. फार वेळ नाही. पण त्या दिवसापासून तिला रडता आले. नर्सने दार लोटून घेतले आणि तिला रडू दिले.

सासूबाई दोन दिवस बाकावर बसून होत्या. त्यांनी कुणाची माफी मागितली नाही. अशा वयात माणसाला ती भाषा पटकन सापडत नाही. मुलाने आणलेले जेवण त्यांनी न उघडता परत पाठवले. नर्सने एकदा विचारले, आजी, तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं होतं का, तेव्हा त्या हो म्हणाल्या, आणि ते आपल्यालाच झाले होते हेही सांगितले.

तिसऱ्या दिवशी सुनेला चाकाच्या खुर्चीतून बाळाला पाहायला न्यायचे होते. मुलीने रात्री दोनदा श्वास चुकवला होता. धोका टळला असे कुणी म्हणत नव्हते. पुढचे दहा दिवस कळीचे, एवढेच सांगितले होते. खुर्ची सासूबाई ढकलत होत्या. भेटीची वेळ अर्धा तास, आणि त्यातली पाच मिनिटे गेलीच होती.

तपासणीच्या खोलीबाहेर एक पोरसवदा बाई बसली होती. चार-पाच महिन्यांची गरोदर असेल. तिच्या शेजारी एक वयस्क बाई उभी होती आणि नर्सला भराभरा सांगत होती. काही त्रास नाही, सगळं छान आहे, हिला सवयच आहे कुरकुरायची. ती पोर आपल्या बोटांकडे बघत होती.

सुनेने हात वर केला. खुर्ची थांबली. पुढच्या खोलीत काचेपलीकडे तिची मुलगी होती, एकेक मिनिट मोलाचे होते. तरी ती त्या पोरीकडे वळली.

“ताई, काय होतंय ते तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं,” ती म्हणाली.

वयस्क बाई चिडली. ही कोण मध्येच बोलणारी, असे तिने विचारले, आणि सुनेऐवजी खुर्चीमागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिले. एका सासूने दुसरीकडे बघावे तसे, आधाराच्या अपेक्षेने.

सासूबाईंनी खुर्चीची मूठ घट्ट धरली.

“बोलू द्या तिला,” त्या म्हणाल्या.

नर्सने पेन थांबवले आणि त्या पोरीकडे पाहिले. पोरीने आधी आपल्या सासूकडे बघितले, मग जमिनीकडे, आणि मग हळूच सांगायला सुरुवात केली.