फोनच्या पाठीमागचा टोप

मी एक जुना टोप आहे. स्टीलचा, चार कप चहा मावेल एवढा, बुडाला काळा पडलेला आणि काठाला एका बाजूने चेपलेला. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात, वसुधा आणि गिरीश यांच्या स्वयंपाकघरात मी तेवीस वर्षं काढली. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. मी प्रेशर कुकरचा हेवा केला, विजेच्या किटलीचा केला, आणि वर्षातून दोनदाच बाहेर येणाऱ्या पुरणयंत्राचासुद्धा केला. त्यामुळे पुढे मी कुणाविषयी वाईट बोललो तर ते थोडं सोडून द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण तो मला आठवत नाही. मला आठवतं ते डोंबिवलीतलं भांड्यांचं दुकान. वसुधाच्या आईने, अहिल्याबाईंनी, तिथे मला बोटाने वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "यावर नाव घाला. मुलगी अमेरिकेला चाललीय." दुकानदाराने टकटक करणाऱ्या यंत्राने माझ्या पोटावर ठिपक्यांची अक्षरं कोरली. 'चि. वसुधा हिस आईकडून.' खाली तारीख. तेव्हा मला फार दुखलं, पण शेजारच्या फळीवरचे बिननावाचे टोप माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडलं.

मी विमानाने आलो. माझ्या पोटात लसणीच्या चटणीची पिशवी कोंबलेली होती, कारण आपल्याकडे बॅगेत रिकामं भांडं कुणी नेत नाही. इथे आल्यावर रोज दोनदा मी गॅसवर चढलो. पाहुणे चहा पिऊन म्हणत, "वहिनी, चहा मस्त." टोप मस्त, असं तेवीस वर्षांत एकानेही म्हटलं नाही.

मग इशिता झाली. तिचं दूध माझ्यात तापलं. ती शाळेत जायला लागली तशी दुपारी चार वाजता पिवळी बस तिला कोपऱ्यावर सोडायची, आणि वसुधा त्याच सुमाराला मला गॅसवर ठेवायची. एक कप वसुधाचा, अर्धा कप इशिताचा, जास्त दुधाचा. मायलेकी ओट्याशी उभ्या राहूनच प्यायच्या आणि दिवसभराचं बोलायच्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ ती.

इशिता अकरा वर्षांची असताना अहिल्याबाई गेल्या. व्हिसाच्या कागदांमुळे वसुधाला जाता आलं नाही. ती गप्प गप्प असायची. आईला खूश करावं म्हणून इशिताने एक दिवस मला गराजमध्ये नेलं आणि गिरीशच्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. माझ्या पोटावरचे ठिपके तिला ओरखडे वाटले. तिने ते मन लावून घासले. "आई, सी, ऑल द स्क्रॅचेस आर गॉन," असं म्हणत तिने मला वसुधाच्या हातात दिलं. वसुधाने मला खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. 'आईकडून' हा शब्द उजेडात जेमतेम दिसत होता. ती म्हणाली, "छान चमकतोय हं." दुसऱ्या रविवारी तिने इशिताचं नाव मराठी शाळेत घातलं. कारण मात्र कधी सांगितलं नाही.

इशिता मोठी झाली आणि घराजवळच्याच विद्यापीठात कलेचा इतिहास शिकायला लागली. तिसऱ्या वर्षी जानेवारीत एका सत्रासाठी ती इटलीला निघाली, सिएना नावाच्या खूप जुन्या गावात. बॅग भरताना ती म्हणाली, "आई, मी टोप घेऊन जाऊ? तिकडे चहा कशात करू?"

वसुधा म्हणाली, "तो नको. तिकडे कुठेतरी विसरशील. आईची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे."

तिने चहाची पावडर दिली, मसाला दिला, सांडशीसुद्धा दिली. सांडशी गेली आणि मी राहिलो. सांडशीला स्वतःचं काय असतं सांगा, ती तर मला उचलण्यासाठीच होती. मला आठवडाभर तो राग गेला नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉल. वसुधा चहा करून मला ओट्यावर उतरवायची आणि फोन माझ्या अंगाला टेकवून ठेवायची. सगळ्यांना इशिताचा चेहरा दिसायचा. मला दिसायची फोनची पाठ. मी फोनचाही हेवा केला, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आवाज मात्र मला स्पष्ट यायचा. पहिल्या महिन्यात तो रडवेला होता. गल्ल्या चढाच्या होत्या, थंडी हाडात शिरत होती, दुपारी दुकानं बंद व्हायची आणि वर्गातलं अर्धं इटालियन तिच्या डोक्यावरून जायचं. ती ल्युचिया नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या घरी एका खोलीत राहत होती. त्या बाईंच्या भांड्यात केलेला चहा उतू गेला होता आणि शेगडी पुसताना बाई बराच वेळ पुटपुटत होत्या. "आय मिस अवर चाय, आई," ती म्हणायची, आणि मला फार बरं वाटायचं.

मार्चपासून आवाज बदलला. सिएनात म्हणे प्रत्येक वस्तीचा एक प्राणी असतो. ल्युचियाबाईंची वस्ती गोगलगायीची आणि शेजारची कासवाची. दोन्ही वस्त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. "का?" गिरीशने विचारलं. "कुणालाच नीट माहीत नाही, बाबा. पण ल्युचिया कासवांच्या गल्लीतून जात नाही, लांबून फिरून जाते." हे ऐकल्यावर त्या गावाविषयी मला पहिल्यांदा आपुलकी वाटली. गोगलगायींनी रस्त्यात टेबलं मांडून जेवण केलं तेव्हा इशिताने ताटं वाढली आणि तिच्या गळ्यात त्यांनी वस्तीचा रुमाल बांधला. गावातल्या मोठ्या चौकाला शिंपल्यासारखा उतार आहे. तिथल्या विटांवर पसरून ती अभ्यास करायची.

जुनी चित्रं साफ करायलाही ती शिकत होती. कापसाचा बोळा घेऊन आठवड्यात दोन बोटं जागा. "सर म्हणतात, आधी मळ कुठला आणि चित्र कुठलं ते ओळखा. ओळखता येत नसेल तर हात लावू नका."

आणि मग तो शब्द आला. मोका. मोका म्हणजे इटलीतलं कॉफीचं भांडं. खाली पाणी, मध्ये कॉफीची पूड, गॅसवर ठेवलं की कॉफी गुडगुडत वरच्या भागात येते. ल्युचियाबाई रोज दुपारी त्यात दोघींची कॉफी करायच्या आणि दोघी शेगडीशी उभ्या राहून प्यायच्या. उभ्या राहून, मित्रांनो. आमच्यासारख्याच.

"चहा संपला का गं? पार्सल पाठवू?" वसुधाने विचारलं.

"नको आई. ॲक्चुअली आता मी चहा पीत नाही. मोकाची सवय झालीय."

वसुधा "बरं" म्हणाली. फोनच्या मागे मी आतून तडकलो. तिलाही काय झालं ते मला तिच्या हातावरून कळलं, कारण त्या दिवशी तिने मला दोनदा विसळलं.

एप्रिलमध्ये इशिता म्हणाली, "आई, बाबा, मला आणखी एक वर्ष राहायचंय. चित्रांचा कोर्स कंप्लीट करायचाय. ल्युचिया खोली ठेवते म्हणाली."

गिरीश काही विचारणार होता, पण वसुधाच बोलली. "राहा की. आता तीच तुझी आई. तिच्याच हातची कॉफी पी." आणि तिने फोन उचलून बंद केला.

दोन रविवार फोन आला नाही. चारचा चहाही थांबला. गिरीश म्हणाला, "अगं, केटल आहे ना, टी बॅग टाक, टू मिनिट्समध्ये होतो." मला खालच्या कपाटात ठेवलं, इडलीपात्राच्या मागे. फोन नंतर पुन्हा यायला लागला, पण तो आता साखरेच्या बरणीला टेकवत. बोलणं हवापाण्याचं व्हायचं, आणि पुढच्या वर्षाचा विषय दोघी काढत नव्हत्या. अंधारात बसून मी एकच विचार करत होतो. त्या मोक्याचं वाटोळं होवो.

जूनमध्ये इशिता आली आणि बॅगेतून मोका काढला. ल्युचियाबाईंनी आपला चाळीस वर्षं वापरलेला मोका तिला देऊन टाकला होता. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मी त्याला पाहिलं. अष्टकोनी, बुटका, दांडा थोडा वितळलेला, आतून काळाकुट्ट. हाच का तो, असं मला झालं. इशिता त्याला दोन्ही हातांनी धरून होती. मला तिने असं कधी धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इशिता झोपली होती. घरात नवं भांडं आलं की ते आधी घासून घ्यायचं, ही वसुधाची रीत. तिने चिंच भिजवली, तारेची घासणी घेतली आणि मोका आतून बाहेरून घासून काढला. खूप जोर लावून घासत होती. ती रीत होती की राग होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग त्याचे तीन भाग ओट्यावर पालथे घातले. ते चांदीसारखे चमकत होते. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो फार आनंदाचा क्षण होता.

इशिता खाली आली. ओट्याकडे पाहून थांबली. तिने एक भाग उचलून आत पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

"किती घाण होतं गं आतून," वसुधा म्हणाली. "मी स्वच्छ केलं."

"आई, इट वॉजन्ट डर्ट," इशिता हळू आवाजात म्हणाली. "चाळीस वर्षांच्या कॉफीचा थर होता तो. ती त्याला कधी साबणसुद्धा लावत नाही. म्हणून तिची कॉफी तशी लागते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वसुधा ओले हात तसेच धरून उभी राहिली. मग तिने खाली वाकून कपाट उघडलं, इडलीपात्र बाजूला केलं आणि मला बाहेर काढलं. इशिताच्या शेजारी जमिनीवर बसून तिने मला खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

"वाच."

इशिता आता वाचू शकत होती. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "चिरंजीव वसुधा हिस..." पुढे ती अडली. खूप वेळाने म्हणाली, "आईकडून." आणि मग तिला गराज आठवलं असावं, कारण तिचं बोट थांबलं. "हे मी घासलं होतं ना? तू मला का नाही रागावलीस?"

"तुला कुठे वाचता येत होतं तेव्हा," वसुधा म्हणाली. मोक्याकडे बघून म्हणाली, "मला तरी हे कुठे वाचता येत होतं."

माझा आनंद त्या क्षणी संपला. मी एवढी वर्षं ज्या घासण्याचं दुःख मिरवत होतो, तेच त्या बुटक्याच्या नशिबी आलं होतं आणि मी टाळ्या पिटत होतो. मला लाज वाटली. हेवा मात्र गेला नाही, तो आपल्या जागी होताच.

त्याच सकाळी त्यांनी ल्युचियाबाईंना फोन लावला. जुन्या सवयीने वसुधाने तो मला टेकवला. इशिताने घडलेलं सांगितलं. पलीकडून घोगरं हसू आलं. इशिता मराठीत सांगत होती, "ती म्हणते, काही बिघडलं नाही. पहिल्या पाच-सहा कॉफ्या ओतून द्या. मग रोज एक करा. थर पुन्हा धरेल."

"तिला सांग, रोज मी करीन," वसुधा म्हणाली. "आणि सांग, सप्टेंबरपासून खोली ठेव म्हणावं."

इशिताला ते इटालियनमध्ये सांगायला बराच वेळ लागला.

आज ऑगस्टचा शेवटचा आठवडा आहे. मी इशिताच्या उघड्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला पडलो आहे. मला वसुधाने स्वतः ठेवलं. माझ्या पोटात चहाच्या पावडरीची दोन पाकिटं आहेत. ती इशिताला म्हणाली, "विसरलीस तर विसरलीस. पण चहा यातच कर." जे मला जानेवारीत हवं होतं ते मिळालं. उद्या मी सिएनाला चाललो.

खाली स्वयंपाकघरात मोका गुडगुडतोय. वसुधा रोज चार वाजता त्यात कॉफी करते, तोंड वाकडं करून पिते आणि आतून तो किती काळा झाला ते उजेडात धरून बघते. माझ्या ओट्यावर, माझ्या जागी, माझ्या वसुधाच्या हातात तो आहे. मित्रांनो, मला त्याचा इतका हेवा वाटतोय की विचारू नका.

तुम्ही माझ्यासाठी एकच करा. कुणाचंही जुनं भांडं चकाचक करायला घ्याल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा, यातलं काय ठेवायचंय. विचारायला दोन मिनिटं लागतात. घासलेलं परत यायला चाळीस वर्षं लागतात, आणि काही अक्षरं परत येतच नाहीत.

रविवार आला की तिकडे इशिता फोन मला टेकवेल आणि इकडे वसुधा मोक्याला. मायलेकी एकमेकींना बघत बसतील. त्याला वसुधाच्या फोनची पाठ दिसेल, मला इशिताच्या. तेवढ्यापुरते तरी आम्ही दोघे बरोबरीत असू.