कोरिनचा सेंट

ऑरिन स्टाउफरच्या तळघरातली गरम पाण्याची टाकी नेमकी त्याच आठवड्यात फुटावी! म्हाताऱ्याने पन्नास वर्षं जमवलेले तांब्याचे जुने अमेरिकन सेंट, तीनशे बारा, तिथल्याच लाकडी कपाटात एकेका कागदी पाकिटात जपलेले. पाकिटांचा लगदा झाला, शाई वाहून गेली, आणि सगळी नाणी एकमेकांत मिसळून काळीहिरवी पडली.

इकडे लँकेस्टरच्या हॉस्पिसमध्ये त्याची लेक कोरिन शेवटचे दिवस मोजत होती. सोमवारी तिने एकच गोष्ट मागितली होती. "माझा सेंट आणा, डॅडी. हातात धरायचाय." बुधवारनंतर ती शुद्धीत असेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

तिचा सेंट म्हणजे तिला अकराव्या वर्षी एका शेतावरच्या लिलावात बटणांच्या डब्यात सापडलेला, १७९८ सालचा. त्या काळी टांकसाळीत प्रत्येक ठसा हाताने कोरायचे, त्यामुळे कुठे मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतलं पान सरकलेलं, कुठे अक्षर वाकडं. त्यावरून नाणं कोणत्या ठशाचं ते ओळखायचं, हाच या नाणी जमवणाऱ्यांचा नाद. पोरीने बापाचं भिंग लावून जाहीर केलं होतं की माळेतलं एक पान खुडलेलं आहे, म्हणजे हा तो दुर्मीळ ठसा. ऑरिनने ते नाणेसंग्राहकांच्या क्लबभर मिरवलं. कुणी विचारलं, तू तपासलंस का, तर म्हणायचा, माझ्या पोरीने बघितलंय, झालं. क्लबातल्या कुणाच्याही नाण्याला दहादा भिंग लावणारा हा माणूस, त्या एका सेंटला त्याने कधी भिंग लावलं नाही.

मंगळवारी सकाळीच तो आणि क्लबातला त्याचा दोस्त ड्वाइट लेशर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. वरच्या मजल्यावर ठेवलेली नाण्यांची यादी तेवढी कोरडी राहिली होती. एकेक नाणं टिपायचं, मऊ ब्रशने झाडायचं, पानं बघायची आणि यादीत खूण करायची. कॉफी गार झाली, पाठीचा काटा ढिला झाला, पण ऑरिन उठेना.

यादीत खुडलेल्या पानाचे दोन सेंट होते. सापडला एकच, आणि तो कडेला टवका उडालेला, ऑरिनने स्वतः मागाहून घेतलेला. ड्वाइटने सगळी नाणी पुन्हा चाळली. दुसरा नव्हताच. उलट त्याच सालच्या एका अगदी साध्या ठशाचे यादीत तीन होते, आणि टेबलावर चार निघाले.

ऑरिनने ते चारही शेजारी शेजारी मांडले. पोर चुकली होती. तिचा सेंट या चारांतला एक होता, आणि चारही सारखेच झिजलेले. बाकीचे तीन त्याने अदलाबदलीसाठी ठेवलेले, त्यांच्याकडेही कधी नीट पाहिलेलं नाही. एकदा, फक्त एकदा भिंग लावलं असतं, तर ते नाणं आयुष्यभर विसरला नसता.

"खुडलेल्या पानाचा दे तिला," ड्वाइट म्हणाला. "आपलं बरोबर होतं, असं समजून तरी जाईल बिचारी."

बुधवारी दुपारी ऑरिनने तो टवका उडालेला तिच्या तळहातावर ठेवला. कोरिनने भिंग मागितलं. तिला ते पेलेना, म्हणून त्यानेच धरलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"हा माझा नाही. याचं पान खरंच खुडलेलंय. माझं नुसतं झिजलेलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"महिन्याभरातच कळलं."

"मग सांगायचंस ना, बाळा."

"वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या जगाची नाणी बघता. म्हटलं, एक दिवस माझंही बघतील. म्हणतील, कोरिन, चुकलीस गं."

"माझा तुझ्यावर विश्वास होता गं."

"मला विश्वास नको होता, डॅडी. तुम्ही बघायला हवं होतं."

चारही सेंट त्याच्या खिशात होते. त्याने ते चादरीवर मांडले, आणि यातला तुझा कुठला ते मला ओळखता येत नाही, हेही सांगून टाकलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. त्याच्या मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून म्हणाली, "मग बघा आता. मला ऐकू येईल असं सांगा."

त्याने पहिला उचलला. डोळ्यांत पाणी साचल्याने पानं दिसेनात, ते पुसून पुन्हा पाहिलं. डावीकडे इतकी पानं, उजवीकडे इतकी, देठाशी ओरखडा. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी तिची बोटं त्याच्या मनगटावरून घसरली. नर्स आली, कोरिनची नाडी पाहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ऑरिनने मान वर केली नाही. तो चौथ्या सेंटची पानं मोठ्याने मोजत होता.