बारा ते दोनचा पहारा

घोडीच्या कडेला कानशीचे ओरखडे अजून पांढरे दिसत होते – हळद चोळली होती धीरजने, वरून तेलही लावलं होतं, पण ऊन पडलं की दिसायचेच. वीणेच्या तारांखालची लाकडाची एवढीशी पट्टी; कोण बघतंय तिच्याकडे? नानाजी बघतील. दोन वाजता पुढचा पहारा त्यांचा.

दुपारी बाराला सप्ताह बसला होता आणि पहिला पहारा धीरजचा, म्हणजे खरं तर बाबांचा, ते गेल्यावर त्याच्याकडे आलेला. आता सात दिवस वीणा खाली टेकायची नाही की थांबायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. एरवी वर्षभर ती त्याच्याच घरी, म्हणून तर... म्हणून तर कोणाला न विचारता घोडी घासून बुटकी करता आली, तारा बारीक चढवता आल्या, थोट्या बोटाला जोर लागू नये म्हणून.

गावाबाहेर कुणाची तरी तूर निघत होती. मळणीच्या हडंब्याची घरघर मंदिरात येत होती आणि थोटक्या तर्जनीखाली तार थरथरली की बोट आपसूक मागे सरत होतं. मागच्या साली याच घरघरीत त्याने पेंढी आत रेटली होती – बोट पेरापासून गेलं, बाकीची तीन आखडली. भीती वाटते मला. लाज कसली, वाटते! पण पहारा सोडला असता तर लोक बिचारा म्हणून मोकळे झाले असते; तसंही वर्षभरात या हाताला कोणी कामाला बोलावलेलं नाही.

"नानाजीले सांगून द्या ना, लपवता काहून?" उज्ज्वला सकाळी म्हणाली होती.

"काय सांगू? माह्यासाठी वीणा लुळी केली म्हणून?" बायकोवर उगाच खेकसला होता तो.

हलक्या बोटाला वीणा छान बोलत होती. पण नानाजींचा हात! जन्म बागायतीत गेला त्यांचा, वांगी तोडून, कांदे उपटून बोटं खुरप्यासारखी झालेली, ते छेडणार दणकून... तारा दांडीवर आपटतील, खडखडतील, एखादी तुटेलसुद्धा, पहिल्याच दिवशी. हे कानस चालवताना कसं सुचलं नाही? स्वतःचंच बोट दिसत होतं तेव्हा, दुसरं काही नाही.

नानाजी पाय धुऊन आले, उपरण्याला हात पुसत वीणेच्या पाया पडले.

"दे आता, दमला असशीन. आज बारीक बोलून राह्यली रे वीणा."

पट्टा गळ्यातून काढायला हात उचलेना. हडंबा कधीचा बंद पडला होता, त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि थोटकं बोट आपलं आपण तार छेडत होतं.

"नानाजी, जरा हळू छेडजा."

"काहून?"

नानाजींची नजर घोडीवर गेली, तिथून त्याच्या हातावर आली, आणि तिथेच राहिली. भीती आता बोटात नव्हती, खरं सांगायचं म्हणून जिभेवर येऊन बसली होती. आणि नानाजी दोन्ही हात पुढे करून उभेच होते.