पावलांत ऊब आली का?

बोर्बालाचा गावच्या पाद्र्यापेक्षा मोफेतावर जास्त विश्वास होता. मोफेता म्हणजे लाकडी पायऱ्यांचा एक खड्डा, दुसरं काय! तळातून कार्बन डायऑक्साइड वर येतो आणि हवेपेक्षा जड म्हणून तिथेच साचून राहतो. एकवीस वर्षं ती त्याची राखण करत होती. रोज सकाळी पेटती काडी हळूहळू खाली न्यायची; विझली तिथपर्यंत वायू. पाय दुखणाऱ्या लोकांनी कमरेइतक्या वायूत वीस मिनिटं उभं राहायचं. वाकायचं नाही, बसायचं तर नाहीच नाही. वाकला तो गुदमरून संपला. उभं राहिलं की पाय लाल होतात, ऊब चढते.

"कातडीतून आत शिरतो आणि शिरा उघडतो," ती सगळ्यांना ऐकवायची. "रक्त कसं धावत येतं बघा! गोळ्या कसल्या गिळता?"

ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्याच्या, अंबरूशच्या, अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार जुनाच. शहरातली डॉक्टरीण म्हणाली, आत्ता अंगठा काढला तर पाय वाचेल. बोर्बाला भडकली.

"कापायला काय जातंय तिचं! औषध आपल्या दारात जमिनीतून वर येतंय आणि आपण सुरीखाली जायचं?"

"तू म्हणशील तसं," अंबरूश म्हणाला. पंचेचाळीस वर्षांत हा गडी बायकोशी फक्त बटाटे कधी लावायचे यावरून भांडला होता.

तो रोज बाकीच्यांबरोबर खड्ड्यात उतरायचा. बोर्बाला वरच्या पायरीवरून विचारायची, "ऊब आली का रे?"

"आली."

"कुठवर?"

"घोट्यापर्यंत."

पुढच्या आठवड्यात पोटरीपर्यंत आली. बोर्बालाला आकाश ठेंगणं झालं. तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली, शेजारणींना सांगत सुटली. मोज्यातून वास यायला लागला तेव्हा म्हणाली, घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे. अंबरूश दोन मोजे चढवायला लागला. पाचव्या आठवड्यात तो तापाने फणफणला आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला इस्पितळात न्यावं लागलं.

तरुण डॉक्टरने पट्टी सोडली. टाचेला सुई टोचली, मग तळव्याला, मग पोटरीला.

"काका, टोचतंय?"

"नाही रे बाळा."

"कधीपासून कळत नाही?"

अंबरूशने बायकोकडे पाहायचं टाळलं. "दोन वर्षं झाली असतील."

बोर्बालाच्या पायाखालची जमीन सरकली. "मग ती ऊब? पोटरीपर्यंत म्हणालास ती?"

"खड्ड्यात बाजूचा जे म्हणायचा तेच मी म्हणायचो. किती आशेनं विचारायचीस, बोरी. नाही कसं म्हणू?"

"मेल्या! खोटारड्या!" त्याच्या छातीवर मुठी आपटत ती रडायला लागली. "एकदा तरी नाही म्हणायचंस!"

"तू ऐकलं असतंस?"

तिच्या मुठी तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी पाय मांडीतून कापला, पण विष रक्तात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी अंबरूश गेला.

दफनानंतर आठवड्याने तिने मोफेता उघडला, कारण दारात माणसं उभी होती. पण आता ती कुणाला तसंच खाली सोडेना. बाकावर बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि केसांतली पिन काढून पावलाला टोचायची.

"आई गं!" पहिला गडी ओरडला. "वेड लागलं का, मावशी?"

"ओरड बाबा, अजून ओरड," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग एक म्हातारा बसला. त्याची बायको त्याची काठी धरून शेजारी उभी होती, डोळे त्याच्यावर लावून. त्याने डोळे मिटले.

"टोचलं का, काका?"

"हो हो," तो बायकोच्या दिशेने हसून म्हणाला. "चांगलंच टोचलं."

बोर्बालाने पिन अजून टेकवलीच नव्हती. तिने त्याची दोन्ही गार पावलं पोटाशी धरली आणि हंबरडा फोडला.