क्रॅट्झची अकरा कार्डं

एल्मर क्रॅट्झ हा आमच्या लायमा गावचा जुना पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडूफेक्या. शंभर वर्षांपूर्वी लिमलेटच्या गोळ्यांच्या पुडीत त्याचं बेसबॉल कार्ड मिळायचं. त्याची नात लोरीन शनिवारी कार्डांच्या बाजारात थेट माझ्या टेबलाशी आली. "गसकाका, आजोबांची किती कार्डं उरली असतील हो? आईचं जुनं आगीत गेलं. तिचं आता काही खरं नाही. जाताना वडिलांचं कार्ड सोबत शवपेटीत हवं म्हणते."

"वीस तरी असतील!" मी छातीठोक सांगितलं. तपासणी कंपनीनं अकरा कार्डांना दर्जा देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलं होतं. तेवढीच लोकांच्या माळ्यावर असणार, हा माझा नेहमीचा हिशेब. "विसातलं एक पुरलं तर काय बिघडतं? मी मिळवून देतो, पोरी."

समोरच्याच टेबलावर कार्डं विकणाऱ्या मर्लकडे एक होतं. पण हा पठ्ठ्या पक्कड घेऊन डबी फोडत बसलेला! "विकायचं नाही. परत तपासायला धाडतोय, या खेपेला दर्जा वाढणारच, आणि भावही. बाकीची दहा आहेत ना, ती हुडक!"

हुडकतोच म्हटलं! कंपनीच्या साइटवर अकराही कार्डांचे फोटो होते. पहिल्यात टोपीवर कॉफीचा डाग. दुसऱ्यात तोच डाग, तीच दुमडलेली कड. तिसऱ्यातही! अकराच्या अकरा तेच!

"मर्ल, गाढवा, कितव्यांदा फोडतोयस हे?"

"मोजतंय कोण? आधीच्या मालकानंही फोडलं असेल. सगळेच फोडतात."

"आणि फोडलेल्या डब्यांवरची जुनी लेबलं कंपनीला परत केलीस?"

"त्या भानगडीत कोण पडतं रे!"

झालं! लेबल परत गेलं नाही की कंपनी तेच कार्ड नवं म्हणून मोजते. अकरा वेळा जाळं टाकलं आणि दर वेळी तोच मासा आला, तर तळ्यात मासे किती? मी खुर्चीवर चढून बोंबललो, "वीस नाहीत, अकरा नाहीत! एक! जगात एकच आहे!"

सगळा हॉल मर्लच्या टेबलावर तुटून पडला. मर्लनं पक्कड फेकली आणि कार्ड छातीशी धरलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. "बघितलंस लोरीन? तुझा आजोबा एकमेव निघाला!"

ती गर्दीकडे बघत होती. "मग आता ते आईबरोबर कोण पुरू देईल, काका?"

कोणीच नाही. खरं सांगतो, मीसुद्धा दिलं नसतं.